शॉशँक चार माणसांत दाखवायचा तर

'द शॉशँक रिडेम्प्शन' ऐकूनही माहीत नाही असा सिनेमावेडा आता सापडायचा नाही. पण अंधाऱ्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून तो सलग पाहिलेले फार थोडे. बहुतेकांनी टीव्हीवर मधूनच, जाहिरातींसकट, किंवा लॅपटॉपवर दोन-तीन बैठकांत पाहिलेला असतो. म्हणून गावातलं वाचनालय, सोसायटीचा हॉल, कॉलेजचा फिल्म क्लब यांनी याचा एक नीट खेळ लावावा. हे टिपण खेळ लावणाऱ्यांसाठी आहे. पुढे शेवटासकट सगळं सांगितलं आहे, त्यामुळे सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

सगळ्यात आधी ही गोष्ट कुणाची, ते स्वतःशी पक्कं करा. बायको आणि तिच्या प्रियकराच्या खुनाचा आळ येऊन अँडी ड्युफ्रेन हा बँकर १९४७ साली अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शॉशँक तुरुंगात येतो आणि १९६६ साली पळून जातो. पण सांगणारा आहे रेड, कैद्यांना बाहेरच्या वस्तू मिळवून देणारा जुना कैदी. रेडला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही कळत नाही. अँडी भिंत पोखरतोय हे त्याच्या जवळच्या मित्राला एकोणीस वर्षं कळलं नाही, म्हणून आपल्यालाही दोन तास कळत नाही. सिनेमा टिकला तो या मांडणीमुळे. पळून जाण्याची युक्ती एकदा कळली की संपते. एका माणसाने दुसऱ्याला इतकी वर्षं निरखणं, त्याच्यावर चुकीची पैज लावणं, मग त्याच्यासाठी घाबरणं आणि शेवटी त्याच्या मागे निघणं, हे दहाव्यांदा पाहतानाही धरून ठेवतं. खेळाची सगळी आखणी रेडकडे पाहून करा.

निमंत्रण आणि पोस्टर

पहिली चूक इथेच होते. या सिनेमाचं सगळ्यांना माहीत असलेलं पोस्टर म्हणजे पावसात हात पसरून आभाळाकडे तोंड केलेला माणूस. ते चित्र सुटकेनंतरच्या क्षणाचं आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवर ते फिरवलंत की शेवट आधीच सांगून झाला. त्याऐवजी तुरुंगाच्या इमारतीचं चित्र घ्या, नाहीतर नुसती अक्षरं. 'तुरुंगातून पलायनाची थरारक कथा' असं कुठेही लिहू नका. 'दोन कैद्यांच्या वीस वर्षांच्या मैत्रीची गोष्ट' एवढं पुरे.

लांबी १४२ मिनिटं, भाषा इंग्रजी, सबटायटल्स असतील, हे निमंत्रणात हवंच. आणि एक सूचना स्पष्ट शब्दांत हवी: सिनेमात तुरुंगातले बलात्कार, मारहाणीत झालेला मृत्यू आणि आत्महत्या आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणू नका. ही सूचना दारात ऐनवेळी दिली तर आलेल्या कुटुंबाला परत जाताना अवघडल्यासारखं होतं.

परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. घरच्या ओटीटी वर्गणीवर चार घरच्या माणसांनी पाहणं वेगळं आणि हॉलमध्ये लोक बोलावून दाखवणं वेगळं. तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते. जुन्या फिल्म सोसायट्यांना हे रस्ते ठाऊक असतात, त्यांच्याशी बोला.

प्रत कशी तपासायची

लांबी आधी पाहा. १४२ मिनिटांऐवजी सुमारे १३६ भरली तर ती जुन्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी असणार. त्यात सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, सिनेमा चार टक्के जास्त वेगाने जातो आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर सूर अर्ध्या सुराच्या आसपास चढतो. रेड झालेल्या मॉर्गन फ्रीमनच्या आवाजातला खर्ज हा या सिनेमाचा अर्धा जीव आहे, तो असा पातळ करून ऐकवू नका. १३६ पेक्षाही कमी भरली तर ती टीव्हीसाठी कापलेली प्रत समजा.

चित्राची चौकट १.८५:१ आहे. आजच्या रुंद पडद्यावर वर-खाली अगदी बारीक काळी पट्टी दिसली तर प्रत बरोबर. चौकोनी दिसली तर कडेची माणसं कापली गेली आहेत.

सबटायटल्सची फाइल वेगळी घेतली असेल तर एक जागा हमखास तपासा. अँडी ग्रंथालयासाठी आलेल्या सामानातून मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न' या ऑपेराची तबकडी काढतो आणि तुरुंगाच्या भोंग्यांवरून दोन बायकांचं गाणं सगळ्या आवारात सोडतो. काही फाइलींत त्या इटालियन ओळींचं भाषांतर घातलेलं असतं. ते काढून टाका. त्या बायका काय गात होत्या हे आपल्याला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही, असं रेड त्याच दृश्यात सांगतो. खाली अर्थ उमटत राहिला तर त्याचं बोलणं वाया जातं आणि प्रेक्षक कैद्यांचे चेहरे सोडून अक्षरं वाचत बसतात. खेळ संपल्यावर मात्र सांगा की त्या गाण्यात एक बाई दुसरीकडून पत्र लिहवून घेते आहे. या सिनेमात पत्रं किती आहेत ते लोक मग आपणच मोजू लागतात: ग्रंथालयाच्या निधीसाठी आठवड्याला एक पत्र, तेही सहा वर्षं, ब्रूक्सचं शेवटचं पत्र, आणि बक्स्टनच्या शेतात, दगडाखालच्या डब्यातलं अँडीचं.

हॉल

तीस-चाळीस माणसांना आठ ते दहा फूट रुंद पडदा आणि तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण खोली खरंच काळोखी हवी. छायाचित्रण रॉजर डीकिन्सचं आहे. करडे-निळे रंग, रात्रीच्या कोठड्या, अंधारकोठडीत चेहऱ्यावर पडलेला एवढासा उजेड. खिडकीच्या फटीतून संध्याकाळ आत आली तर यातलं काहीच उरत नाही. कैद्यांची पहिली रात्र आणि अंधारकोठडीतला अँडी, ही दोन दृश्यं लावून पाहा. चेहरा काळ्यात बुडत असेल तर प्रोजेक्टरचा भडक रंगांचा मोड बंद करून सिनेमाचा मोड लावा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद करा. तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर असावी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे सबटायटल्स जातात. पहिली रांग पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर. दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर ठेवा. पंख्यांच्या आवाजात निवेदन हरवतं, म्हणून आवाज जुळवताना पंखे चालू ठेवूनच जुळवा. शेवटच्या रांगेत बसून रेडचं पहिलं निवेदन शब्दन्‌शब्द ऐकू आलं की झालं.

सुरुवातीची दहा मिनिटं

प्रास्ताविक दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका. दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट, १९९४, स्टीफन किंगच्या १९८२ साली आलेल्या दीर्घकथेवरून, टिम रॉबिन्स आणि मॉर्गन फ्रीमन, संगीत थॉमस न्यूमनचं, एवढी माहिती एका दमात होते. उरलेला वेळ एका शब्दावर घालवा: पॅरोल.

मराठी प्रेक्षक या शब्दाशी हमखास अडखळतो. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरात आजारपण किंवा मयत असली की कैदी ठरावीक दिवस बाहेर येतो आणि परत आत जातो. वर्तमानपत्रात 'पॅरोलवर सुटलेला कैदी फरार' वाचतो तो हाच. सिनेमातला अमेरिकी पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढण्याची मुभा. आपल्याकडच्या मुदतपूर्व सुटकेच्या जवळचा तो प्रकार आहे. हे आधी सांगितलं नाही तर पॅरोल मंडळापुढे बसलेला रेड चार दिवसांची रजा मागतोय असं वाटतं आणि नकाराचं वजनच कळत नाही.

शीर्षकावरही दोन वाक्यं बोला. रिडेम्प्शन म्हणजे उद्धार, आणि बँकेच्या भाषेत गहाण सोडवणं. नायक बँकर आहे. 'सुटका' म्हटलं की दोन्ही अर्थ निसटतात, म्हणून शीर्षकाचं मराठी न केलेलंच बरं.

यानंतर लोकांना एकच काम द्या. रेड मंडळापुढे तीनदा जातो, त्या तिन्ही वेळा त्याच्याकडे नीट पाहा, एवढंच सांगा. का, ते सांगू नका.

मध्यांतर कुठे

मूळ सिनेमाला मध्यांतर नाही. आपल्या प्रेक्षकाला लागतं, आणि १४२ मिनिटं सलग बसवलं तर लोक नको त्या जागी उठतात. बरोबर अर्ध्यावर कापू नका. योग्य जागा सव्वा तासाच्या आसपास येते. १९५७ साली रेडचा अर्ज दुसऱ्यांदा फेटाळला जातो. अँडी त्याला माऊथ ऑर्गन भेट देतो, कारण तरुणपणी आपण तो वाजवायचो असं रेड बोलून गेलेला असतो. रेड तेव्हा वाजवत नाही. रात्री दिवे गेल्यावर कोठडीत एकटा असताना ओठाला लावतो, एकच हलका सूर फुंकतो आणि थांबतो. त्या सुरानंतर थांबवा. तुमच्या प्रतीतली नेमकी वेळ आधी लिहून ठेवा. दोन सेकंद उशीर झाला तर पुढचं दृश्य सुरू होतं आणि तो सूर पुसला जातो.

मध्यांतर दहा मिनिटांचं. चहा देताना आयोजकांपैकी कुणीही 'खरी मजा पुढे आहे' म्हणायचं नाही.

साडेचारला सुरू केलंत तर दहा मिनिटं प्रास्ताविक, पावणेसहाच्या पुढे मध्यांतर, सव्वासातच्या आत सिनेमा पूर्ण, आणि आठपर्यंत गप्पा असं बसतं.

आयोजकाने स्वतः काय पाहून ठेवावं

चर्चा चालवणाऱ्याने सिनेमा त्याआधीच्या आठवड्यात पुन्हा पाहावा आणि तीन जागांवर वही उघडावी.

पहिली जागा छप्पर. १९४९चा वसंत, कारखान्याच्या छपरावर डांबर लावायचं काम. शंभराच्या वर कैदी नावं देतात, आणि रेडच्या टोळीची नावं बरोबर निघतात, माणशी एक सिगारेटचं पाकीट पहारेकऱ्याला चारून. कॅप्टन हॅडलीला मेलेल्या भावाकडून पस्तीस हजार डॉलर येणार असतात आणि करापायी तो कुरकुरत असतो. अँडी त्याला विचारतो, तुमचा बायकोवर विश्वास आहे का? हॅडली त्याला छपराच्या कडेला धरतो, आता ढकलणार अशा बेताने. तिथे लटकलेला अँडी कायदा सांगतो: बायकोला एकदाच दिलेल्या बक्षिसावर कर नाही. कागदपत्रं फुकट करून देण्याचा मोबदला म्हणून तो सोबत्यांसाठी माणशी तीन बिअर मागतो.

काम संपायच्या आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता कैदी उन्हात बसून बिअर पितात. अँडी पीत नाही. सावलीत बाजूला बसतो, चेहऱ्यावर एक वेगळंच हसू. आता रेडचं निवेदन ऐका. पहारेकऱ्यांची मर्जी मिळवायला केलं असेल, कैद्यांत मित्र जोडायला केलं असेल, असे लोकांचे अंदाज तो देतो आणि मग आपलं मत सांगतो: थोडा वेळ पुन्हा साधं माणूस असल्यासारखं वाटावं म्हणून. अँडीच्या तोंडून मात्र कारण कधीच येत नाही. मित्राच्या मनात काय चाललंय याचे अंदाज बांधत राहणं म्हणजेच मैत्री, हे इथे उघड दिसतं. चर्चेत याच दृश्यापासून सुरुवात करा.

दुसरी जागा त्या तीन सुनावण्या: १९४७, १९५७, १९६७. वीस, तीस आणि चाळीस वर्षं भरल्यावरच्या. पहिल्या दोन्ही वेळा रेड जवळजवळ तेच पाठ केलेलं बोलतो, सुधारलोय म्हणतो, आणि कागदावर नकाराचा शिक्का पडतो. तिसऱ्या वेळी अँडी निघून गेलेला असतो. रेड सुधारण्याबद्दल मंडळाला जे ऐकायचंय ते बोलत नाही. खून केलेल्या त्या पोराशी, म्हणजे तरुणपणच्या स्वतःशी, बोलावंसं वाटतं पण तो आता उरला नाही, असं सांगतो. शिक्का मंजुरीचा पडतो. फ्रीमनची मान, खुर्चीत बसण्याची ढब आणि आवाजाची घाई तिन्ही वेळा ताडून पाहा. रेडच्या कागदांवर तरुणपणचा जो फोटो आहे, तो फ्रीमनचा मुलगा अल्फान्झोचा.

तिसरी जागा ब्रूक्स. पन्नास वर्षं आत काढलेला म्हातारा ग्रंथपाल १९५४ साली सुटतो आणि बाहेर टिकत नाही. पुढे रेड सुटतो तेव्हा त्याला तीच खोली मिळते आणि वाण्याच्या दुकानातलं तसंच काम. तुळईवर ब्रूक्सने कोरलेलं नाव तसंच असतं. दिग्दर्शकाने दोन्ही भाग मुद्दाम एकमेकांवर ठेवले आहेत, म्हणजे रेडचंही तेच होईल अशी भीती आपल्या पोटात बसावी. अँडीने सहा फूट दोर मागून घेतला हे कळतं, त्या रात्रीची भीतीही ब्रूक्सच्या मृत्यूनेच पेरलेली असते. दोघांमध्ये फरक एवढाच, की रेडला कुणीतरी कुठेतरी बोलावलं आहे. ब्रूक्सच्या दृश्यानंतर कुणी उठून बाहेर गेलं तर एकाने मागोमाग जावं. मानसिक आधारासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दाराशी लिहून ठेवा.

शेवट आणि गप्पा

समुद्रकिनाऱ्यावर दोघे भेटतात ते दुरून, वरून, एकही शब्द ऐकू न येता. गोष्टीत तो मेक्सिकोतला सिवातानेहो, चित्रण मात्र कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचं. नामावली संपेपर्यंत दिवे लावू नका. हॉल आवरायची घाई असलेला कुणीतरी हमखास बटण दाबतो. बटणापाशी आपला माणूस बसवा.

मग चहा, आणि खुर्च्या गोल. पंचवीसपेक्षा जास्त माणसं असतील तर आठ-आठचे गट करा. 'कसा वाटला?' विचारलंत की 'छान' मिळतं आणि गप्पा तिथेच संपतात. वस्तूवरून विचारा. सात डॉलरची हातोडी रेड दहाला विकतो, तेव्हा त्याला अँडी कसा वाटत असेल? त्या हातोडीने भिंत पोखरायला सहाशे वर्षं लागतील असं त्याला वाटलं होतं. मित्राला आपण इतकं कमी का ओळखतो? माऊथ ऑर्गन एकच सूर वाजून का थांबतो?

वाद रंगवायला एक माहिती हाताशी ठेवा: डॅराबाँटला सिनेमा बसमध्ये बसलेल्या रेडवर संपवायचा होता. किनाऱ्यावरची भेट निर्मिती कंपनीच्या आग्रहाने आली. रेडच्या आशेवर संपणं जास्त खरं झालं असतं, हे म्हणणं भक्कम आहे. पण दोन तास वीस मिनिटं या दोघांसोबत काढलेल्या प्रेक्षकाला ती भेट हवीच असते, आणि ती दिली यात गैर काही नाही.

आक्षेप आले तर दाबू नका, त्यात तथ्य आहे. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेत एक काळा आणि एक गोरा कैदी इतके जिवलग होतात, आणि वर्णभेदाचा जवळजवळ उल्लेख नाही. स्त्रिया अँडीच्या कोठडीतल्या पोस्टरवर आहेत, गोष्टीत नाहीत. निवेदन कधीकधी जे दिसतंय तेच पुन्हा सांगतं. हे बोलू दिलं की सिनेमा आवडलेलेही जास्त नेमकं बोलू लागतात.

'हा तर सुपरहिट' असं कुणीतरी म्हणेल. त्यांना आकडे सांगा. अडीच कोटी डॉलरचा खर्च, आणि १९९४च्या पहिल्या प्रदर्शनात जेमतेम एक कोटी साठ लाखांची कमाई. ऑस्करची सात नामांकनं, पुरस्कार एकही नाही. लोकांपर्यंत तो पोचला १९९५ साली भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवरून, आणि १९९७ पासून अमेरिकेतल्या केबल वाहिनीवर पुन:पुन्हा लागत गेल्यामुळे. २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. ओहायोतल्या मॅन्सफील्डचा जो जुना, बंद पडलेला तुरुंग शॉशँक म्हणून दिसतो, तो पाहायला आजही लोक जातात. समोरासमोरच्या कोठड्यांची ओळ मात्र तिथली नाही. ती जवळच्या एका गोदामात उभारली होती.

पुढच्या महिन्याचा खेळ त्याच संध्याकाळी जाहीर करायचा असेल तर व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) लावा. एक जेलर आणि सहा कैदी, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि मागे आहे औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ वसवलेली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत. सांगली-साताऱ्याकडच्या प्रेक्षकाला ती जागा ऐकून माहीत असते, त्यामुळे गप्पांना वेगळा जोर येतो. दोन्ही खेळांत महिन्याचं अंतर राहू द्या, एका दिवशी जोडून लावू नका.